नवरा जवळ येत नाही, मी त्याला नकोशी झाले का?

ताई, नाही. तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना शुगर आहे, वर्षभर ते जवळ आलेले नाहीत आणि विषय काढला की चिडतात. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, म्हणून इतकं ठामपणे सांगते.

आम्ही सोलापूरचे. हे टॉवेलच्या कारखान्यात आहेत, शुगर जुनी, त्यात तंबाखूच्या माव्याची सवय. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणं आमच्याकडे नवीन नाही, पण पाऊस सुरू झाला तरी ह्यांचं अंथरूण वरच. पुढे पुढे तर चहाचा कप देताना बोट लागलं तरी हात आखडायला लागले. मला लागलं ते हेच. संबंध नाही तर नाही, पाठीवर हात ठेवायला काय जातं? नंतर त्यांनीच सांगितलं, "जवळ घेतलं की तुला पुढचं वाटणार, आणि मला जमलं नाही तर?" त्या भीतीपोटी स्पर्शच बंद. मला वाटायचं ह्यांचं मन उडालं, आणि हे स्वतःला पुरुषच समजेनासे झाले होते.

ताठरता येते ती रक्त भरल्यामुळे. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही खराब होतात, तंबाखू त्यात भर घालते. बीपीच्या काही गोळ्यांनीही असं होतं. इच्छा मात्र शाबूत असू शकते, हे आपल्याला कुणी सांगतच नाही. आणि तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे बिघाड कधी कधी इथे आधी दिसतो. आमच्या डॉक्टरांनी म्हणूनच आधी ईसीजी काढायला लावला.

त्यांनी विचारलं, "पहाटे ताठरता येते का?" येत असेल तर मनावरच्या ताणाचा वाटा मोठा असू शकतो. हे खाली बघत "कधी कधी" म्हणाले. माझ्यासमोर ह्या विषयावर ते पहिल्यांदाच बोलले.

भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींच्या नादी लागू देऊ नका. मेडिकलमधून परस्पर सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची गोळीही नको. छातीच्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर बीपी एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं. शिवाय सिल्डेनाफिल इच्छा जागी करत नाही, जवळीक लागतेच. आम्हाला गोळीचा उपयोग झाला, पण दरवेळी होतोच असं नाही.

बोलायचं तर भांडणात नको, अंथरुणात तर नकोच. आम्ही सिद्धेश्वर तलावाकाठी शेजारी शेजारी बसून बोललो. एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं, म्हणून ह्यांना सोपं गेलं. मी एवढंच म्हटलं, "काही व्हायलाच पाहिजे असं नाही, नुसतं जवळ झोपा."

पुढच्या वेळी शुगर दाखवायला जातील तेव्हा तुम्हीही सोबत जा. हा विषय काढणार आहे हे त्यांना घरीच सांगून ठेवा, आणि तिथे ते गप्प बसले तर डॉक्टरांना तुम्ही विचारा.