आईच्या गुडघ्यासाठी घरी इन्फ्रारेड दिवा करतोयस, तर हे वाच

आधी आईचा गुडघा डॉक्टरांना दाखव. दिवा औषधाच्या जागी नाही, आणि तिच्या एखाद्या गोळीने त्वचा उजेडाला नाजूक होते का, तेही विचार.

एलईडी ८५० नॅनोमीटरचे, म्हणजे इन्फ्रारेड उजेडाचे घे. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतर, लॅमिंग्टन रोडवर मिळतील. एका एलईडीवर साधारण दीड व्होल्ट पडतात. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर सहा एका ओळीत लावलेस की ९ व्होल्ट जातात, उरलेले ३ रेझिस्टरवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या छोट्या भागावर. ६८ ओहमचा लाव, करंट ४४ मिलिअँपच्या आसपास राहील. रेझिस्टर प्रत्येक ओळीला वेगळा हवा. एकच लावून सगळ्या ओळी जोडल्या की करंट सारखा वाटला जात नाही. माझा पहिला बोर्ड असाच गेला, एक कोपरा हात लावता येणार नाही इतका तापला होता.

अडॅप्टर चांगल्या कंपनीचाच घे. स्वस्त बल्बमधलं ट्रान्सफॉर्मर नसलेलं सर्किट अंगाजवळ अजिबात नको, त्यात २३० व्होल्ट थेट येतात.

डोळ्यांचं मात्र मनावर घे. हा उजेड जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही की बाहुली आकसत नाही. चालू आहे का ते मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघ, जांभळट ठिपके दिसतील. आईला तोंड दुसरीकडे करून बसव, आणि पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटांनी त्वचेवर हात ठेवून बघ, चटका लागतोय का.