लिपोसोमचा ‘आकार’: केवढा की कसा?

प्रश्न असा: नॅनोऔषधांवरच्या एका मराठी लेखात ‘इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कणांचा आकार निश्चित केला’ असे वाक्य आहे. इथे कण केवढा ते कळले, की कसा दिसतो ते? मापासाठी ‘आकारमान’ लिहावे का?

वाक्य संदिग्धच आहे. ‘आकार’ हा मुळात रूपाचा, घडणीचा शब्द; वर्तुळाकार, निराकार यांत मापाचा संबंध नाही. पण ‘आकाराने लहान’ म्हटले की आपल्याला मापच कळते. ‘अंड्याच्या आकाराची गाठ’ यात तर दोन्ही अर्थ बसतात. बोलताना मात्र मराठी माणूस गोंधळत नाही. गाठ सुपारीएवढी असते तेव्हा माप सांगायचे असते, अंडाकृती असते तेव्हा रूप. ‘एवढा’ इतका नेमका शब्द शास्त्रीय लेखनातून आपण का हद्दपार केला, हे मला खरेच कळत नाही.

या विषयात हा फरक किती महत्त्वाचा आहे ते डॉक्सिलवरून दिसेल. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध लिपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशवीत, भरून तयार केलेल्या या औषधाला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. पिशवीचा व्यास साधारण ८० ते १०० नॅनोमीटर. पण क्रायो-टेमच्या, म्हणजे नमुना गोठवून पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या, चित्रांत यातल्या बऱ्याच पिशव्या गोल नसून लांबट, कॉफीच्या बीसारख्या दिसतात. आतल्या सल्फेटमुळे औषधाचे स्फटिक होतात, त्यांच्या तंतूंची जुडी बनते आणि ती पिशवीला ताणते. कण रक्तात किती काळ टिकेल, गाठीत शिरेल का, हे बऱ्याच अंशी व्यासावर ठरते. औषध आत कोणत्या अवस्थेत बसले आहे, हे रूपावरून समजते. ‘आकार योग्य आढळला’ एवढेच लिहिले तर यातले काय तपासले, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे?

‘आकारमान’ नकोच. ‘घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान’ हे आपण शाळेत शिकलो, आणि तिथे आकारमान म्हणजे कणाने व्यापलेली जागा. गोल कणाचा व्यास दुप्पट झाला की हे आकारमान आठपट होते. औषधाच्या अहवालात असा घोळ चालणार नाही.

म्हणून माझे मत: रूपासाठी ‘आकार’ राखून ठेवावा आणि मापासाठी सरळ ‘व्यास’ लिहावा. कण कांडीसारखा असेल, जसे सोन्याचे नॅनोरॉड, तर ‘लांबी’ आणि ‘जाडी’ वेगवेगळी द्यावी.

व्यासासोबत पद्धतही लिहावी लागते. प्रकाशाच्या विखुरण्यावरून मोजणारे यंत्र कणाची पाण्यातली हालचाल टिपते आणि कण गोल आहे असे धरूनच व्यास काढते; पृष्ठभागावरचा पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा पदर त्या व्यासात धरला जातो. टेमच्या चित्रात हा पदर सहसा दिसत नाही, त्यामुळे तिथला आकडा लहान येतो. शिवाय साध्या टेममध्ये नमुना वाळवावा लागतो आणि लिपोसोम चपटा होऊ शकतो, म्हणजे आकारच बिघडतो. क्रायो पद्धतीत नमुना द्रव इथेनमध्ये झटक्यात गोठवतात, पाण्याचे स्फटिक होऊ न देता. ही युक्ती झाक दुबोशे यांच्या गटाने १९८०च्या दशकात साधली. २०१७चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्यासह मिळाले.

लेखातले वाक्य मी असे करीन: ‘क्रायो-टेमने पाहता कण गोल आढळले, त्यांचा सरासरी व्यास अमुक नॅनोमीटर.’ आणि ‘आकार-वितरण’ असेल तिथे ‘व्यासांचे वितरण’. डॉक्सिलचे जेनेरिक करणाऱ्यांकडून अमेरिकेचे औषध प्रशासन हे वितरण, पिशवीच्या मेदाच्या पदरांची संख्या आणि आतल्या औषधाची अवस्था अशी वेगवेगळी माहिती मागते. मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माच्या जेनेरिकला तिथे २०१३ साली मान्यता मिळाली. मराठी अहवालातही या गोष्टींना वेगवेगळे शब्द हवेत.