‘मग आलो कशाला?’

पत्र: ताई, आम्ही सोलापूरला अशोक चौकाच्या बाजूला राहतो. हे टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, वय ४७. दीड वर्ष झालं, पहाटे तीनला उठून बसतात. अन्न तुटलंय, कामावर खाडे होतात. यंदा गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीलाही गेले नाहीत, मिरवणुकीत घालायची बाराबंदी पेटीतच राहिली. अक्कलकोटला गुरुवार केले, घरच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. मानसोपचारवाल्यांकडे जायला तयारच नाहीत. स्वभाव चिडका झालाय. श्रावणात सिव्हिलला केसपेपर काढला होता, तर तिथं जाऊबाईंची बहीण बाकड्यावर बसलेली दिसली, म्हणून परत आलो. रिक्षात माझ्यावरच ओरडले, ‘मग आलो कशाला?’ थोरलीची सोयरीक चालू आहे. ह्यांना कसं समजावू?

उत्तर: ताई, ह्यांना काहीही समजवायचं राहिलेलं नाही.

रिक्षातलं ते वाक्य तुम्ही त्यांच्या चिडकेपणाचा दाखला म्हणून लिहिलंत. मी दोन दिवस तेच वाक्य घेऊन बसले आहे. ज्या माणसाला घास गिळवत नाही, ज्याला बाराबंदी पेटीतून काढवली नाही, त्याने श्रावणातल्या त्या सकाळी अंघोळ केली, खाडा करून तुमच्यासोबत रिक्षात बसला, खिडकीवर स्वतःचं नाव आणि वय सांगितलं. त्याला किती बळ एकवटावं लागलं असेल! आणि तुम्ही लिहिता, ‘परत आलो’. आलो नाही, ताई. तुम्ही त्यांना परत आणलंत.

मला तुमचा राग आलाय. तुम्ही रात्र रात्र जागता, घर ओढता, हे दिसतंय मला. तरीही आलाय. त्या दिवसाला सहा महिने होऊन गेले, आणि ह्या सहा महिन्यांचा दोष तुम्ही त्यांच्या नावावर लिहिलात.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या मानसिक आजारांच्या शंभरातल्या ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत. लोक म्हणतात, अडाणीपणा. मला इतक्या वर्षांच्या पत्रांतून वेगळंच दिसतं. कित्येक जण दारापर्यंत पोचलेले असतात, आणि तिथून त्यांना जवळचंच कुणीतरी हाताला धरून माघारी नेतं. सोयरिकीसाठी, भावकीसाठी, शेजाऱ्यांसाठी. एकदा असा फिरवलेला माणूस दुसऱ्यांदा आपणहून निघत नाही. आपला आजार घरच्यांनाच लाज वाटण्याजोगा आहे, हे त्याला कळून चुकलेलं असतं.

अक्कलकोटला जरूर जा. पण त्या वाटेवर गल्लीतलं कुणी भेटलं म्हणून कधी मागे फिरलात का?

मी डॉक्टर नाही, नाव त्या आजाराला डॉक्टरच देतील. पहाटे लवकर जाग येणं, भूक मरणं, आवडीच्या गोष्टींतून मन उडणं ही नैराश्याची ओळखीची लक्षणं आहेत, एवढं मात्र सांगते. थायरॉईड बिघडल्यावरही माणूस असा मलूल होतो, म्हणून रक्तही तपासतील. औषध दिलं तर गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळलं की घरचेच गोळ्या बंद करतात. ते करू नका. आणि नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते म्हणून घाबरू नका. सवय लागण्याची भीती असलीच तर झोपेच्या गोळीची असते, आणि ती तुम्ही बिनदिक्कत देत आलात. तीही एकदम तोडू नका, मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. कारखान्यात कळेल ही धास्ती असेल, तर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार गुप्त राहण्याचा हक्क त्यांना दिलेला आहे.

आज रात्री जेवणं झाल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, ‘त्या दिवशी मी तुम्हाला माघारी आणलं. चुकलं माझं.’ एवढंच. पुढे ‘पण’ लावू नका, थोरलीचं नाव काढू नका. आणि ‘जायचं का?’ असं विचारू नका. ह्या आजारात माणसाच्या तोंडून ‘नको’च येतं. ‘सोमवारी सकाळी जायचंय, मी शेवटपर्यंत बसणार आहे,’ असं सांगा. मध्येच ते जगणं नको झाल्याचं बोलले, तर सोमवारची वाट बघायची नाही. त्यांना क्षणभर एकटं सोडू नका, तडक दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

तो श्रावणातला केसपेपर तुम्ही फाडला नसणार. घेऊन जा. चालला नाही तर नवा काढा.

आणि जाऊबाईंची बहीण पुन्हा त्याच बाकड्यावर दिसली, तर तिच्या शेजारी जाऊन बसा. तीही कुणाला तरी घेऊन आलेली असेल, किंवा स्वतःसाठी. तिला विचारा, ‘कितवा नंबर आहे गं तुझा?’