'सेस्क्विपेडेलियन' हा शब्द आला कुठून आणि मराठीत त्याला काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की एका इंग्रजी परीक्षणात लेखकाच्या भाषेला 'सेस्क्विपेडेलियन' म्हटलंय, ही स्तुती समजायची की टीका? आणि मराठीत याला शब्द आहे का?

टीकाच, पण चिमटा काढल्यासारखी. लांबलचक, भारदस्त शब्द वापरायची हौस असलेल्या माणसाला किंवा त्याच्या भाषेला असं म्हणतात. तसा एखादा शब्दही सेस्क्विपेडेलियन असू शकतो. गंमत म्हणजे हा स्वतःच इंग्रजीत चौदा अक्षरांचा आहे, त्यामुळे टीका करणारा स्वतःवरही थोडं हसून घेतो.

आता फोड. लॅटिनमध्ये 'सेमिस' म्हणजे अर्धा आणि 'क्वे' म्हणजे आणि. हा 'क्वे' आपल्या संस्कृत 'च'चा सख्खा भाऊ. दोघेही शब्दाच्या मागे चिकटून येतात. 'आणि वर अर्धा' यातून झालं 'सेस्क्वि', म्हणजे दीड. पुढचा 'पेड' म्हणजे पाऊल; हाही संस्कृत 'पद'चा नातलग. सगळं मिळून दीड पावलाचा, दीड फुटी.

इथे जरा आडवळण घेतो. इंग्रजीला दीडसाठी स्वतःचा एक शब्द नाही, 'एक आणि अर्धा' असंच म्हणावं लागतं. आपल्याकडे दीड आहे, म्हणून तर दीडशहाणा आहे. हा 'दीड' आला 'द्व्यर्ध'वरून, म्हणजे ज्यातला दुसरा अर्धाच आहे असा. 'अडीच' आला 'अर्धतृतीय'वरून, म्हणजे तिसरा अर्धा. रोमन लोकांचं 'सेस्टर्शियस' हे नाणं माहीत असेल. ते मुळात अडीच 'आस'चं (आस हे त्यांचं छोटं नाणं) होतं आणि त्याच्या नावाचा अर्थ शब्दशः 'तिसरा अर्धा'! अडीच मोजायची रीत तिथे आणि इथे अगदी एकच. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. ऐकणाऱ्यांचा उत्साह बेताचाच होता.

असो. शब्दांना 'दीड फुटी' म्हणणारा होता होरेस, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन कवी. काव्यकलेवरच्या त्याच्या पत्ररूप कवितेत, 97व्या ओळीत, तो सांगतो की टेलिफस आणि पेलियस यांच्यासारखी राजेमंडळी रंगमंचावर दरिद्री, परागंदा होऊन येतात, तेव्हा प्रेक्षकांचं काळीज हलवायचं असेल तर ती आपले 'फुगीर बुधले आणि दीड फुटी शब्द' फेकून देतात. बुधल्यासाठी त्याचा शब्द आहे 'अँपुला'. इंजेक्शनची काचेची अँप्यूल त्याच कुळातली. अंगावर चिंध्या आणि तोंडात राजवाड्यातली भाषा, हे त्याला खटकत होतं. इंग्रजीनं सतराव्या शतकात हे विशेषण उचललं. 'दीड फूट लांबीचं' हा मूळ अर्थ मागे पडला आणि टोमणा तेवढा उरला.

आता मराठी. शब्दकोश पाहून 'बोजड', 'शब्दबंबाळ' वगैरे सुचेल. 'शब्दबंबाळ' मला पटत नाही, कारण त्यात शब्दांची संख्या जास्त असते. इथे तक्रार एकेका शब्दाच्या लांबीची आहे. 'पाल्हाळिक'ही म्हणूनच बाद. माझं मत 'हातभर'ला, आणि तेही नुसतं सुचलं म्हणून नव्हे. रोमन पाऊल साधारण 29.6 सेंटीमीटरचं, म्हणजे दीड पाऊल होतं 44.4. आपला हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा, फुटांच्या हिशेबात दीड फूटच. रोमन लोकही दीड पावलाला 'क्युबिटम', म्हणजे कोपर, म्हणत. त्यांच्या या हातभर मापात बोटाच्या 24 रुंद्या बसत आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या हातातही 24 अंगुळंच. आत्ता लिहिता लिहिता आईच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप काढून स्वतःचा हात मोजला: 45 सेंटीमीटर. होरेसला अर्धा सेंटीमीटर माफ.

तेव्हा 'हातभर शब्द वापरणारा' म्हणा. मापही बरोबर येतं आणि चिमटाही बसतो. 'हातभर लाकूड, दहा हात ढलपी' ही म्हण असलेल्या भाषेला तो समजावून सांगावा लागणार नाही.

नमुना हवा असेल तर रेल्वेच्या सिग्नलसाठी 'अग्निरथगमनागमनसूचकलोहपट्टिका' हा शब्द आठवा. तो कुणी गंभीरपणे वापरला असेल असं नाही, भाषाशुद्धीची थट्टा म्हणूनच आम्ही शाळेत तो एका श्वासात म्हणायच्या पैजा लावत असू. लांब शब्दांच्या भीतीचं म्हणून पस्तीसेक अक्षरांचं एक इंग्रजी नाव नेटवर फिरतं, त्यातही हाच 'सेस्क्विपेडेलियन' कोंबलेला आहे. तोही थट्टेतलाच, पाणघोडा आणि राक्षस पुढे जोडून फुगवलेला.

उच्चार करताना जोर 'डे'वर द्या: सेस्-क्वि-पे-डे-लियन. सराव मात्र दार लावून करा. मी करत होतो तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला होता, "कुणाला शिव्या देतोयस रे?"