आईची फी, बाबांचा फ्लॅट आणि दादाचं "बघू"

(पत्र थोडं कापून देतेय.)

"मावशी, बाबा २०१९ मध्ये गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आई ७७ वर्षांची आहे. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर विसरणं फारच वाढलं, डॉक्टर म्हणाले डिमेन्शियाची सुरुवात आहे. आमच्याकडे सासूबाई, दोनच खोल्या, मी दिवसभर ऑफिसात, ठेवलेल्या बायका टिकेनात, म्हणून तिला एका केअर सेंटरला ठेवलं. १४ महिने झाले. फी ३८ हजार, वर डायपर, औषधं, फिजिओचे १० हजार. फॅमिली पेन्शन १९ हजार येते, उरलेले २९ मी भरते. दादा डॅलसला असतो, दोनदा ५० हजार पाठवले, विचारलं की म्हणतो बघू. कोथरूडचा बाबांचा टू बीएचके बंद आहे, त्याचे मेंटेनन्स आणि टॅक्सचे साडेतीन हजारही मीच भरते. विकूया म्हटलं तर दादा म्हणतो बाबांची आठवण आहे, शिवाय म्हणतो सोसायटीत नॉमिनी मी आहे. आईच्या नावावर १७ लाखांची एफडी आहे पण तिला हात लावायचा नाही असं बाबा सांगून गेलेत. एप्रिलमध्ये मी पाटल्या ठेवून दीड लाखाचं गोल्ड लोन काढलं, ह्यांना सांगितलेलं नाही. परवा आईने विचारलं, तुझ्या पाटल्या कुठे गं? मी म्हटलं पॉलिशला दिल्यात. एरवी रोज एकच, घरी कधी जायचं. मावशी, मी वाईट मुलगी आहे का? — कोथरूडची धाकटी"

धाकटे,

नाहीस. हे आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट वाचशील. लोक "आईला टाकलं" म्हणतात ना, त्यातल्या एकाने तरी रात्री दोन वाजता खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला कमोडवर बसवून दाखवावं आणि सकाळी ९ला ऑफिस गाठावं, मग बोलू. माझ्या सासूबाई शेवटची अडीच वर्षं अशाच एका ठिकाणी होत्या, मलाही सगळं ऐकवून झालंय.

आता मला तुझा खरा राग कुठे आला सांगू? एफडीपाशी. आईच्या नावावर १७ लाख आहेत आणि तू आईच्या डायपरसाठी स्वतःच्या पाटल्या गहाण टाकल्यास! अगं त्या गोल्ड लोनला तू जे व्याज भरतेस ते बँक एफडीवर देते त्याच्यापेक्षा जास्तच असणार, म्हणजे एका हाताने बँकेला जास्त द्यायचं आणि दुसऱ्या हाताने कमी घ्यायचं, आणि वर रात्रभर जागायचं. बाबा म्हणाले हात लावायचा नाही. बरोबर आहे, पण कधीपर्यंत नाही? अडीअडचणीला म्हणूनच ठेवले ना ते, मग ही अडचण नाही तर कुठली? बाबा स्वतः असते तर पडली त्याच आठवड्यात त्यांनी एफडी मोडली असती. आईचे पैसे आधी आईला. ते तिच्यासाठी संपले तर संपले, ती काही तुमची दोघांची राखून ठेवलेली वाटणी नाहीये, हे तू स्वतःलाही सांग आणि दादालाही.

तर हिशोब. आधी दीड लाख काढून पाटल्या सोडव, दादाला कळवून, लपवून नाही. उरलेल्यातले १५ लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये टाक, पोस्टात किंवा बँकेत, साठीच्या वरच्यांना ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्या ८.२ टक्के आहे आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. १५ लाखांवर तिमाहीला ३०,७५० म्हणजे महिना सव्वादहा हजार. मुदत पाच वर्षं, पण लागलेच तर मधे मोडता येतं, थोडं कापतात. वरचे ५० हजार आईच्या साध्या खात्यात हॉस्पिटलच्या रात्रीसाठी. (तिचा मेडिक्लेम असेल तर तो अ‍ॅडमिट झाल्यावर. सत्तरीच्या वरच्यांना मिळतं ते आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड काढून ठेव पण तेही हॉस्पिटललाच, केअर सेंटरच्या फीला दोन्हीतलं काही चालत नाही, लोकांचा हा गैरसमज फार असतो.)

आणि फ्लॅट विकायचा की नाही ह्यावर तुम्ही भाऊबहीण वर्षभर भांडताय पण भाड्याने द्यायचं कोणालाच कसं सुचलं नाही? आठवण आहे ना, मग भिंती कुठे जातायत. कोथरूडला जुना टू बीएचके आहे, फार ओढून न धरता २२ हजार धरू. आता बेरीज कर. पेन्शन १९, व्याज सव्वादहा, भाडं २२, त्यातून फ्लॅटचे साडेतीन वजा. झाले ४७,७५०. खर्च ४८ हजार. अडीचशे रुपये कमी पडतायत, ते तू घाल बाई, तेवढं तुला करू देते.

ही बेरीज कायम टिकणार नाही हेही सांगते. फी दरवर्षी वाढते, १० टक्के धरली तर तीन वर्षांनी हाच खर्च ६४ हजारांच्या घरात जाईल, भाडं आणि पेन्शन त्या वेगाने वाढत नाहीत. तेव्हा महिना १४-१५ हजार कमी पडतील ते तुम्ही दोघांनी निम्मे निम्मे, किंवा मग विकायचं. पण ती त्या दिवसाची गोष्ट.

भाड्याने देताना लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करायचंच, महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे, ऑनलाइन होतं, भाडेकरूची पोलिसांत नोंद. सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्जेस लावेल (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते), ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर लावता येत नाहीत, सेक्रेटरी जास्त मागायला लागले तर २००१ चा जीआर आहे म्हणून सांग, बहुतेक लगेच आठवतो त्यांना.

आता दादाचं "मी नॉमिनी आहे". हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की त्याचा ठसा करून घ्यावा. नॉमिनी म्हणजे मालक नाही. सोसायटीने पत्रव्यवहार कोणाशी करायचा तेवढ्यापुरतं ते नाव, तो बाकीच्या वारसांच्या वतीने सांभाळणारा. बाबांनी फ्लॅट स्वतःच्या कमाईतून घेतला असेल आणि मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, दादा आणि तू, तिघांचा सारखा हिस्सा, एक तृतीयांश. तू लग्न झालेली आहेस ह्याने काही फरक पडत नाही. म्हणजे दादाशिवाय काही होणार नाही हे खरंच आहे, पण तुझ्याशिवाय आणि आईशिवायही काही होणार नाही. भाड्याच्या करारावर तिघांच्या सह्या लागतील. दादाने तिथल्या भारतीय वकिलातीतून पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून पाठवावी, इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तिला स्टॅम्प ड्युटी भरायची. आणि भाडं आईच्या खात्यात जाईल, तिच्यावरच खर्च होईल, असं तिघांत साध्या कागदावर का होईना लिहून ठेवा. दादा अनिवासी असल्यामुळे त्याच्या हिश्श्याच्या भाड्याचं टॅक्सचं एकदा सीएला विचारून घे, ते मी इथे उलगडत बसत नाही.

पण ह्या सगळ्यात ज्या गोष्टीची मला घाई वाटते ती वेगळीच आहे. पैसे नाही. आईची सही.

डिमेन्शियाची आत्ता सुरुवात आहे म्हणतेस, म्हणजे तिला अजून कळतंय, काही सकाळी तर चांगलंच कळत असेल. ज्या दिवशी कळणं थांबेल त्या दिवशी तिने दिलेली पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीही थांबते, आपल्याकडचा कायदा तसाच आहे, लोकांना वाटतं एकदा करून ठेवली की झालं. तसं नाही. मग फ्लॅटमधला तिचा हिस्सा विकायचा तर हायकोर्टात जाऊन पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते, मिळते, पण वकील, डॉक्टरांचे रिपोर्ट, महिने, फी. म्हणून पुढच्या महिन्याभरात तिच्या डॉक्टरांकडून (न्यूरो किंवा सायकियाट्रिस्ट) ती व्यवहार समजू शकते असं सर्टिफिकेट घे आणि त्याच दिवसांत तिचं मृत्युपत्र, पोस्टातलं खातं, बँकेतल्या खात्यावर तुझं नाव, भाड्याचा करार हे सगळं उरकून टाक. तिला नीट कळतंय अशा सकाळी. तिला कळत नसताना हात धरून अंगठा उठवायचा नाही, कोणी कितीही "सगळे असंच करतात" म्हटलं तरी, उद्या वहिनीच कोर्टात उभी राहील आणि बरोबरच असेल.

कोणीतरी तुला असंही सुचवेल की तुम्ही दोघांनी हक्कसोडपत्र करून सगळा फ्लॅट आईच्या नावावर करा. ऐकायला छान वाटतं. पण मग पुढे विकायची वेळ आली की अख्खा फ्लॅट तिच्या सहीवर अडकेल. उलटं, आईचा हिस्सा तुमच्या नावावर करून घेणं तर अजिबात नको, तिच्याकडे तिचं काहीतरी असू दे. आणि रिव्हर्स मॉर्गेजही (घर बँकेकडे गहाण ठेवून दरमहा पैसे घ्यायचे ते) तुमच्यासाठी नाही, ते स्वतःच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी असतं, घर कायमचं सोडलं की कर्ज फेडायची वेळ येते. आहे तसं तिघांचं ठेवा. सोसायटीत तिघांची नावं लावून घ्या.

उद्या विकायचाच झाला तर एवढंच लक्षात ठेव की दादा परदेशात म्हणून त्याच्या हिश्श्यावर घेणाऱ्याला टीडीएस कापावा लागतो, आणि फ्लॅट २००१ च्या आधीचा असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरून नफा काढता येतो, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट. बाकी सीए.

दादा. मला तो वाईट वाटत नाही, लांब आहे. लांब असलेल्या माणसाला आईची फी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर बहिणीचा चिडका मेसेज एवढंच दिसतं. तू त्याला आजवर एकदा तरी बिलं पाठवलीस का? "तुला काही पडलेलीच नाही" हे पाठवलं असशील. आता एक वही कर, किंवा गूगल शीट कर, १४ महिन्यांचं सगळं त्यात टाक, फी, डायपर, फ्लॅटचा टॅक्स, रिक्षासुद्धा, आणि दर महिन्याच्या १ तारखेला पाठव, एकही विशेषण न लावता. आणि "काहीतरी पाठव" म्हणू नको, "बघू" हे त्याचंच उत्तर असतं. आकडा सांग. माझ्या मते तुझ्या खिशातून दादाचे लाख वजा जाऊन साडेतीन लाख गेलेत, त्यातले निम्मे त्याने द्यावेत असं सरळ लिही. नाही दिले तर? तर नाही दिले, हिशोबात लिहिलेले राहतील. २००७ चा आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा आहे, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, पण ट्रिब्युनल महिना १० हजारांपर्यंतच निर्वाह ठरवू शकतं आणि अर्ज आईच्या नावाने करावा लागेल. त्या बाईला ह्या वयात मुलाविरुद्ध उभी करायची? मी नाही करणार.

सेंटरचा करारही काढून वाच, डिपॉझिट किती दिवसांत परत, आई हॉस्पिटलला असेल त्या दिवसांची फी घेतात का, वाढ किती टक्के हे लिहिलंय का. आमच्या सासूबाईंचं डिपॉझिट मिळायला सात महिने लागले होते कारण आम्ही वाचलंच नव्हतं. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला विसरू नकोस, मोबाइलवर चेहरा दाखवून होतो आता, नाहीतर पेन्शन थांबेल आणि परत तूच धावशील.

ह्यांना गोल्ड लोनचं सांग. ह्या रविवारीच, पाटल्या सुटायच्या आधी. सोडवून मग सांगितलंस तर ती गंमत होत नाही, लपवल्याचंच राहतं. चिडतील. चिडू देत, तुमच्याच घरातून वर्षभर २९ हजार जातायत, त्यांनाही चिडायचा हक्क आहे की. पण वरची बेरीज बरोबर घेऊन बस.

आता तुझ्या पत्रातली एक गोष्ट. चार पानांचं पत्र, त्यात दादा काय म्हणतो, हे काय म्हणतात, सासूबाई काय म्हणतात सगळं आहे, फ्लॅटचं काय करायचं हे आईला कोणी विचारल्याचं कुठेच नाही. तिचं घर आहे गं. विचार ना तिला, चांगल्या सकाळी, चहा घेताना, की आई आपलं घर बंद आहे, कोणाला राहायला देऊ का? कदाचित नको म्हणेल, कदाचित विचारेल झाडांना पाणी कोण घालतं. काहीही म्हणू दे. "घरी कधी जायचं" ह्याला मात्र दरवेळी कोथरूड समजू नकोस, माझ्या सासूबाई घरी घरी करायच्या तेव्हा पुढे विचारल्यावर कळायचं की त्या त्यांच्या माहेरच्या ओसरीबद्दल बोलतायत. वाद घालायचा नाही, घराबद्दल बोलत राहायचं. भाडेकरू यायच्या आधी तिथून तिची गोधडी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, शिवणाचा डबा असं चार-पाच वस्तूंचं सामान तिच्या खोलीत नेऊन ठेव.

आणि जिला तू काही कळत नाही धरून चालली आहेस तिने तुझे मोकळे मनगट बरोबर पाहिलं. पाटल्या सोडवल्यास की लॉकरला टाकू नकोस, त्या घालून जा आणि तिच्यासमोर बसून तिला मोजू दे.

— मावशी