टर्बो, सीसी आणि भोवरा

अमळनेरच्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘टर्बोमुळे इंजिनाचा सीसी वाढतो’ म्हणावे, की ‘इंजिनाची सीसी वाढते’. दोन्ही म्हणू नये, कारण टर्बोने, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राने, सीसी वाढतच नाही. गॅरेजपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हे विधान मी इतक्यांदा ऐकले आहे की लिंगाचा प्रश्न मला दुय्यम वाटू लागला आहे.

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. सिलिंडरच्या तोंडाचे क्षेत्रफळ, दट्ट्याच्या एका धावेची लांबी आणि सिलिंडरांची संख्या यांचा हा गुणाकार असून टर्बो त्याला हात लावत नाही. हंगामात कापूस भरताना एक जण गाडीत उभा राहून टाकलेला कापूस पायांनी तुडवत जातो. गाडी तेवढीच राहते, कापूस मात्र कितीतरी अधिक मावतो. टर्बो हवा अशीच दाबून भरतो, म्हणजे तेवढ्याच पोकळीत प्राणवायू अधिक, त्यामुळे जाळता येणारे इंधन अधिक, आणि म्हणून शक्ती अधिक. 2019 साली आलेल्या ह्युंदाई व्हेन्यूचे 998 सीसीचे टर्बो इंजिन 120 अश्वशक्तीचे होते, तर त्याच गाडीचे 1197 सीसीचे बिनटर्बो इंजिन 83 अश्वशक्तीचे. वाढते ती अश्वशक्ती.

मोटारशर्यतींच्या नियमांत टर्बो इंजिनाची सीसी 1.7 ने गुणतात, असा दाखला काही जाणकार देतात. तो गट पाडण्यापुरता हिशेब आहे. गुणाकाराने सिलिंडर फुगत नाही.

खरी गंमत ‘टर्बो’ या शब्दात आहे. लॅटिनमध्ये ‘तुर्बो’ म्हणजे वावटळ, आणि पोरांचा भोवराही. त्यावरून 1822 मध्ये क्लोद बुर्दँ या फ्रेंच अभियंत्याने पाण्यावर फिरणाऱ्या चक्राला ‘टर्बाइन’ हे नाव दिले. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली पेटंट घेतलेल्या कल्पनेत इंजिनाचा धूर हे चक्र फिरवतो आणि चक्र हवा दाबते. पुढे या यंत्राच्या ‘टर्बोसुपरचार्जर’ या लांबलचक नावाची शेपटी गळून ‘टर्बो’ तेवढा उरला. आता मराठीकडे पाहा. आपला ‘भोवरा’ संस्कृत ‘भ्रमरक’ शब्दाच्या कुळातला, आणि तोही खेळण्यातला, तापीच्या पाण्यातला, डोक्यावरच्या केसांतला. फिरण्याच्या एकाच कल्पनेतून दोन दूरच्या भाषांनी खेळणे आणि निसर्गातले आवर्त या दोहोंना एकच नाव दिले, हे मला कुठल्याही अश्वशक्तीपेक्षा मोलाचे वाटते. शिवाय भ्रमर गुणगुणतो आणि टर्बोही शीळ घालतो. कन्नड घाटाच्या चढावर चालक पाय दाबतो, ट्रक क्षणभर ढिम्म राहतो, मग शीळ वाढत जाते आणि गाडी उचल घेते. भोवऱ्याने वेग धरायला घेतलेला हा वेळ. म्हणून टर्बोला खुशाल ‘भोवरा’ म्हणावे, असे माझे मत आहे. ते हास्यास्पद वाटणाऱ्यांनी ‘टर्बाइन’ या शब्दालाही हसावे.

इंजिनाच्या या घनमापाला ‘विस्थापन’ म्हणावे, असा आग्रह धरणाऱ्यांशी मात्र माझे जमत नाही. अक्कलकुवा-धडगाव भागात सरदार सरोवराच्या पाण्यामुळे गाव सोडावे लागलेल्या माणसांना ‘तुमच्या इंजिनाचे विस्थापन किती’ असे विचारून पाहावे.

आणि हो, सीसी हे एकक असल्याने लिंगाचा पेच ‘इंजिन किती सीसीचे’ असे विचारले की टळतो.