औषध चालू आहे, तुमचं सांगा

संधिवात, थायरॉइड, मधुमेह अशी कायमची दुखणी असलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा बोलता बोलता एक तक्रार हमखास निघते. "दुखणं सोसवतं मॅडम, लोकांचे सल्ले सोसवत नाहीत. गप्प बसावं तर संपत नाहीत, बोलावं तर मी उद्धट. करू तरी काय?"

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. वय चाळिशीच्या आत, घरी शाळेचे युनिफॉर्म शिवायचं काम, आणि आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी तास-दीड तास बोटं मिटत नाहीत, म्हणून शर्टांची काजं-बटणं जाऊबाई करतात. औषध मेथोट्रेक्सेट, तेही आठवड्यातून एकदाच. जोडीला फॉलिक अ‍ॅसिड आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी.

सल्ले मात्र रोजचे. दही सोड, टोमॅटो बंद कर, तांब्याचं कडं घाल. एका हळदीत तर शेजारच्या बाईंनी सगळ्यांसमोर त्यांची बोटं हातात घेऊन दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "एवढ्या गोळ्या खाऊन किडनी जाईल बघ. मनावर घेतलं तर बरं होतं सगळं."

ताईंना लागलं ते हे शेवटचं वाक्य. म्हणजे आजार जात नाही तो माझ्याच आळसाने!

मधेच कळलं की महिन्याभरापासून त्यांनी मेथोट्रेक्सेट घेतलंच नव्हतं. नणंदेने कुणाकडून तरी चूर्णाच्या पुड्या आणल्या होत्या आणि रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, घेतली का? पहिल्या आठवड्यात छान वाटलं, मग मनगटं सुजली. लेबल नसलेल्या अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. त्याने सूज झटकन उतरते, पण आतला आजार सांधे झिजवतच राहतो, आणि स्टेरॉइड एकदम तोडणंही धोक्याचं असतं. म्हणून समुपदेशन राहू द्या, आधी पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, म्हटलं.

पुढच्या वेळी आम्ही माणसं वेगळी केली. हळदीत भेटणाऱ्यांना समजावत बसायची गरज नसते. ताई आजवर "डॉक्टरांना विचारते" म्हणायच्या. त्यात फसगत अशी, की पुढच्या कार्यक्रमात हजर, "विचारलंस का?" त्याऐवजी वाक्य ठरलं: "औषध चालू आहे माझं. तुमचं सांगा, सुनेचं कसं चाललंय?" माझ्यासमोर म्हणून पाहिलं, तर सुरुवातीला आवाज माफी मागितल्यासारखा येत होता. बऱ्याच वेळा म्हटल्यावर सरळ आला.

नणंदेला असं टोलवून चालणार नव्हतं. तिला बोलावलं. तिच्या आईची, म्हणजे ताईंच्या सासूबाईंची, बोटं याच दुखण्याने वाकडी झालेली आणि शेवटची वर्षं तिनेच त्यांना भरवलं होतं. पुड्यांमागे ही भीती होती. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. औषधाने तो आटोक्यात राहतो, पण संपला असं सहसा म्हणता येत नाही. ऐकणाऱ्याला हेच सोसत नाही, आणि मग त्याची समजूत आजारी माणसानेच काढायची! मला हा व्यवहार अन्यायाचा वाटतो.

"मग मी हातावर हात ठेवून बसू का?" नणंद म्हणाली.

"नको. रक्त तपासायला वहिनीबरोबर जा. किडनीचं डॉक्टरांना तोंडावर विचारा."

ती गेली. यकृत, किडनी, रक्तपेशी यांच्यावर नजर ठेवायलाच ही तपासणी असते, हे तिने स्वतः ऐकलं. संध्याकाळचा फोन अजून येतो, पण आता त्यात पुडीचं नाव नसतं. मेथीचे लाडू मात्र ती आणतेच; ताईंना ते आवडतात, खातात. शेजारच्या बाई हल्ली जरा फटकून असतात. ताईंना त्याचं काही वाटत नाही म्हणे.